ताक, पीठ आणि बटाटा : आयरिश घरातील स्वयंपाक



व्याख्यानमालेच्या चालकांनी आम्हांला विषय विचारला आणि आम्ही ‘आयरिश घरगुती स्वयंपाक’ असे सांगितले, तेव्हा त्यांच्या मुद्रेवर जो भाव उमटला तो आम्ही विसरलेलो नाही. सभ्य माणसे असल्यामुळे ते काही बोलले नाहीत. एकाने मात्र हळूच विचारले, “म्हणजे बटाट्यावर पाऊण तास?” त्यांची शंका रास्त होती. काल या व्यासपीठावरून वेदान्त झाला, उद्या अर्थकारण व्हावयाचे आहे, आणि मध्येच आम्ही बटाटे घेऊन उभे! परंतु आयर्लंडच्या बाबतीत बटाटा हाच वेदान्त आहे आणि बटाटा हेच अर्थकारण आहे, हे पाऊण तासात आपल्या ध्यानात आणून देता आले तर आम्ही स्वतःला कृतार्थ समजू.

एक खुलासा आधीच करतो. आम्ही बल्लवाचार्य नव्हे. आयर्लंडच्या दक्षिणेला कॉर्क नावाची काउंटी आहे, तिच्या पश्चिम भागात एका म्हाताऱ्या बाईंच्या घरी आम्ही एक हिवाळा काढला. बाहेर पाऊस, आत चूल, आणि आम्हांला दुसरा उद्योग नाही, अशा स्थितीत जे पाहिले, जे खाल्ले आणि पुढे घरी येऊन जे बिघडवले, तेवढ्याच भांडवलावर हे व्याख्यान उभे आहे.

आयर्लंड म्हटले की आपणांला दोन गोष्टी आठवतात. एक बटाटा आणि दुसरी होमरूल. १९१६ साली लोकमान्यांनी आणि अ‍ॅनी बेझंटबाईंनी होमरूलचा शब्द आपल्याकडे घरोघर नेला, तो आयर्लंडच्या चळवळीतूनच आलेला. पण बटाटा तिकडे मूळचा नाही, जसा तो आपल्याकडेही नाही. दक्षिण अमेरिकेतील अँडीज पर्वताच्या कुशीतले हे कंद सोळाव्या शतकाच्या अखेरीस आयर्लंडात पोहोचले. आपल्याकडे ते पोर्तुगीजांबरोबर आले आणि येताना आपले नावही घेऊन आले. ‘बटाटा’ हा शब्द आपण त्यांच्याच तोंडून उचलला. आणि परदेशी म्हणून त्याला दाराबाहेर न ठेवता आपण थेट उपवासाच्या ताटात बसवला, ही आपली उदारता! पुढे आपण पाहू की आयरिश माणसानेही तेच केले आहे.

बटाटा येण्यापूर्वी हे लोक काय खात होते? दूध, दही, ताक, लोणी आणि ओट नावाचे धान्य. देश सगळा हिरवा, गवत मुबलक, त्यामुळे गाय हीच संपत्ती. माणसाची प्रतिष्ठा त्याच्या गाईंवरून मोजत. त्यांचे सर्वांत नावाजलेले प्राचीन आख्यान एका बैलासाठी झालेल्या स्वारीचे आहे. विराटपर्वातील गोहरणाची आठवण आपणांला तेथे झाल्याशिवाय राहणार नाही. लोणी इतके होई की ते टिकविण्यासाठी लाकडी पात्रांत भरून दलदलीत पुरून ठेवीत. आजही दलदलीतून जळणाचे पेंड कापताना शेकडो वर्षांपूर्वीचे लोण्याचे गोळे सापडतात. १७७० साली कॉर्क शहरात लोण्याची मोठी पेठ स्थापन झाली आणि तेथले खारवलेले लोणी पिंपांत भरून पार वेस्ट इंडीजपर्यंत जाऊ लागले. येथे एक गोष्ट लक्षात ठेवावी. लोणी बाजारात गेले, आणि घरात ताक उरले. गरिबाच्या स्वयंपाकाची सुरुवात पुष्कळदा अशी, विकून उरलेल्या वस्तूतून होते.

आता या ताकाची करामत सांगतो. आयर्लंडचे हवामान दमट आणि थंड. तेथला गहू मऊ निघतो, त्यात चिकाचा अंश कमी. यीस्ट घालून फुगवावयाच्या पावाला तो फारसा मानवत नाही. एकोणिसाव्या शतकाच्या मध्याच्या सुमारास खाण्याचा सोडा स्वस्त होऊन खेड्यापाड्यांत पोहोचला, आणि आयरिश गृहिणीला जणू वरच मिळाला. आंबट ताक आणि सोडा एकत्र आले की वायू सुटतो, पीठ हलके होते, आणि तासाभरात पाव तयार! यीस्ट नको, मळणे नको, रात्रभर वाट पाहणे नको. यालाच सोडा ब्रेड म्हणतात.

कृती अगदी सोपी आहे. पीठ ४५० ग्रॅम, सोडा एक सपाट चमचा, मीठ एक चमचा आणि दाट ताक ३५० ते ४०० मिलिलिटर. सोडा हाताने चोळून, चाळून घ्यावा, गुठळी राहता कामा नये. कोरडे जिन्नस एकत्र करावेत, मध्ये आळे करून सगळे ताक एकदम ओतावे, आणि बोटे ताठ पसरून हात गोल फिरवावा. पीठ जेमतेम एकत्र आले की थांबावे. गोळा थोडा चापट करून त्यावर सुरीने फुलीसारखा खोल छेद द्यावा आणि लगेच भट्टीत सारावा. प्रथम पंधरा मिनिटे २३० अंशांवर, मग अर्धा तास २०० अंशांवर. झाला की नाही हे कळण्यासाठी पाव उलटा करून बुडावर टिचकी मारावी. पोकळ आवाज आला की झाला. आमच्या म्हाताऱ्या बाई तर दार ठोठावावे तसे त्याला ठोठावीत आणि कान लावून उत्तर ऐकत.

तो छेद का देतात, असे आम्ही विचारले. कोणी सांगितले, त्यातून घरातल्या पऱ्या बाहेर जातात. कोणी सांगितले, तो क्रूस आहे, अन्नाला आशीर्वाद. बाई म्हणाल्या, “छेद नाही दिला तर मधला भाग कच्चा राहतो.” तिन्ही उत्तरे आम्ही लिहून घेतली. पण पाव खाताना तिसरे पटले.

पूर्वी घरोघर भट्टी कुठली? तीन पायांचे लोखंडी पातेले असे, त्याला बॅस्टिबल म्हणत. त्यात पाव ठेवून वर झाकण, आणि झाकणावर निखारे. खाली विस्तव, वर विस्तव. हे ऐकून आमच्या कोकणी श्रोत्यांना हसू येईल, कारण त्यांच्या आज्यांनी काकडीचे धोंडस याच युक्तीने भाजले आहे. दोन्हीकडच्या आज्यांची भेट झाली नव्हती. चूल एक असली म्हणजे युक्तीही एकच सुचते.

आता आमची फजिती. घरी परतल्यावर मोठ्या उत्साहाने आम्ही सोडा ब्रेड करावयास घेतला. ताक घेतले ते जेवणानंतर पिण्याचे, पातळ आणि गोड. पीठ घेतले ते पोळ्यांचे, आणि सवयीप्रमाणे तिंबले ते चांगले दहा मिनिटे. जे निघाले ते घरच्या मंडळींनी हातात घेऊन तोलून पाहिले आणि म्हणाल्या, “पाट्याचा वरवंटा झिजला आहे, तिथे चालेल.” चूक पुढे समजली. आपली कणीक चिवट, तिला मळले की ती आणखी चिवट होते. आणि ताकाला आंबटपणाच नसेल तर सोड्याने करावे काय? तेव्हा आपल्याकडे करावयाचा असेल तर दोन भाग कणीक, एक भाग मैदा घ्यावा, ताक दोन दिवसांचे, दाट आणि चांगले आंबट घ्यावे, कणकेला थोडे जास्तच लागते, आणि हात आवरावा. दुसऱ्या खेपेस पाव उतरला. घरच्या मंडळींनी त्याला लोणी लावून खाल्ला आणि वरवंट्याचा विषय पुन्हा काढला नाही.

बटाट्याकडे वळू. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी आयर्लंडातील गरीब शेतमजूर दिवसाला पाच-सहा किलो बटाटे खात असे. सकाळी बटाटे, दुपारी बटाटे, रात्री बटाटे, आणि बरोबर ताक. आपणांला दया येईल. पण बटाटा आणि दूध-ताक मिळून माणसाला लागणारे जवळजवळ सर्व काही मिळते, असे आजचे आहारशास्त्र सांगते. याचा एक पुरावा आपल्याशी संबंधित आहे. ईस्ट इंडिया कंपनीच्या फौजेत भरती झालेल्या शिपायांच्या उंचीच्या नोंदी अभ्यासकांनी पुढे तपासल्या, तेव्हा गरीब आयरिश शिपाई इंग्रज शिपायाहून उंच निघाला!

बटाटे सालीसकट उकडत, पाणी टोपलीत निथळत, आणि तीच टोपली पातेल्यावर ठेवून घरची माणसे भोवती बसत. सोबत मीठ. कधी खारवलेला मासा. मासा नसला तर? याबद्दल त्यांच्यात एक विनोद आहे. वर आढ्याला एक मासा टांगलेला असे; बटाटा त्याच्याकडे नुसता रोखावयाचा आणि तोंडात टाकावयाचा. या पक्वान्नाचे नाव ‘बटाटा आणि रोख’. ज्यांनी चटणीच्या आठवणीवर भाकरी खाल्ली आहे त्यांना हा विनोद समजावून सांगण्याची गरज नाही.

त्यातल्या त्यात सणाचा पदार्थ म्हणजे कोलकॅनन. बटाटे सालीसकट उकडून गरम असतानाच सोलावेत आणि घोटावेत. गार बटाटा घोटला तर चिकट होतो. केल नावाची कोबीच्या कुळातली कुरळी भाजी, ती नसल्यास आपली कोबी, उकडून बारीक चिरून त्यात मिसळावी. दूध कढत ओतावे, त्यात कांद्याची पात उकळून घेतली तर अधिक चांगले. एक किलो बटाट्याला अर्धा किलो भाजी आणि पाव लिटर दूध. मीठ, मिरपूड. मग ताटात ढीग करून मध्ये खळगा करावा आणि त्यात लोण्याचा गोळा सोडावा. कडेकडेने खात यावे आणि प्रत्येक घास त्या वितळलेल्या लोण्यात बुडवावा. लहानपणी मऊ भाताला खळगा करून आईकडून तूप वाढून घेतलेला कोणीही मराठी माणूस हे ताट समोर आले की शिकवल्यावाचून खाऊ लागेल. ३१ ऑक्टोबरच्या रात्री हा पदार्थ विशेष करीत, कारण दुसऱ्या दिवशी संतांचा मोठा सण आणि आदल्या दिवशी मांस वर्ज्य. म्हणजे त्यांच्याही उपवासाला बटाटाच! त्यात अंगठी लपवीत. जिच्या घासात अंगठी येई तिचे लग्न वर्षभरात होणार, अशी समजूत.

दुसरा पदार्थ बॉक्स्टी. अर्धे बटाटे कच्चे किसून फडक्यात घट्ट पिळावयाचे, अर्धे उकडून घोटावयाचे, दोन्ही एकत्र करून त्यात थोडे पीठ, मीठ, चिमूटभर सोडा आणि भिजेल इतके ताक. तव्यावर थालिपीठासारखे लावून मंद आंचेवर दोन्ही बाजूंनी खरपूस भाजावे. लीट्रिम, कॅव्हन या उत्तरेकडील काउंट्यांत याचा फार बोलबाला. जिला बॉक्स्टी येत नाही तिला नवरा मिळणार नाही, अशा अर्थाचे एक गाणेच तिकडे आहे. सुनेची परीक्षा तव्यावर घेण्याची रीत सर्वत्र सारखीच दिसते.

आणि आयरिश स्टू. मांसाहारी श्रोत्यांसाठी एवढेच सांगतो की त्यात मटण, बटाटे, कांदे, पाणी आणि मीठ यांखेरीज काहीही नाही. मटणही मानेचे, हाडांसकट. कारण मेंढी लोकर आणि दुधासाठी पाळीत, म्हातारी झाली तरच पातेल्यात येई. कांदा-बटाट्याचे आणि मांसाचे थर लावून, बुडेल इतकेच पाणी घालून, दोन तास मंद शिजवावे. तळचे बटाटे विरघळून रस्सा आपोआप दाट होतो. गाजर घालावे की नाही यावर तिकडे कडाक्याचे वाद होतात. आम्ही प्रथम चव घेतली तेव्हा “मसाला कुठे आहे?” हा प्रश्न ओठांवर आला होता. चौथ्या दिवशी आला नाही.

येथवरचे सांगणे सुखाचे झाले. पण याच बटाट्याने जे दिवस दाखवले त्यांच्याविषयी न बोलता हे व्याख्यान संपविणे अप्रामाणिकपणाचे होईल.

गरिबांनी लावलेला बटाटा बहुतेक एकाच जातीचा होता, लम्पर नावाचा. वाईट जमिनीत भरपूर येई म्हणून तोच सगळीकडे. १८४५ च्या शरद ऋतूत एक करपा आला आणि उभी शेते काळी पडली. जमिनीतले बटाटे काढताकाढता कुजू लागले. १८४६ मध्ये जवळजवळ सगळे पीक गेले. एकच जात असल्यामुळे रोगाला अडवणारे काही नव्हते. १८५२ पर्यंत हे चालले. सुमारे दहा लाख माणसे उपासाने आणि तापाने मेली, दहा लाखांहून अधिक देश सोडून गेली. १८४१ च्या शिरगणतीत ८१ लाखांहून अधिक असलेली लोकसंख्या १८५१ मध्ये साडेपासष्ट लाखांवर आली. आजही त्या बेटाची लोकसंख्या १८४१ इतकी झालेली नाही. आणि त्या वर्षांत ओट, लोणी, गुरे यांनी भरलेली जहाजे आयर्लंडच्या बंदरांतून इंग्लंडकडे जातच होती. धान्य नव्हते असे नाही. विकत घ्यावयास हातात पैसा नव्हता. दादाभाईंचे लेख वाचलेल्या समाजाला याचा अर्थ वेगळा सांगावयास नको.

सरकारने अमेरिकेहून मका आणला. तेथल्या जात्यांवर तो नीट दळला जाईना, बायकांना शिजविण्याची रीत माहीत नाही, खाऊन पोटे दुखत. लोकांनी त्याला पंतप्रधान पील यांच्या नावाने ‘पीलचे गंधक’ म्हटले. १८४७ मध्ये लंडनच्या एका बड्या क्लबचे फ्रेंच आचारी अलेक्सिस सॉयर यांनी डब्लिनला सूपचे अन्नछत्र घातले. त्यांच्या एका कृतीत नऊ लिटर पाण्याला मांस अवघे पाव पौंड! घंटा वाजे, शंभर माणसे आत येत, टेबलाला साखळीने बांधलेल्या चमच्यांनी सूप पीत, पुन्हा घंटा, पुढची शंभर. त्या उन्हाळ्यात सरकारी अन्नछत्रांवर रोज सुमारे तीस लाख माणसे जेवत होती. सूपने जीव वाचले हे खरे. पण साखळी माणसे विसरली नाहीत.

या दुष्काळात मदतीचा हात पुढे करणाऱ्या पहिल्या परमुलखी शहरांत आपले कलकत्ता होते. १८४६ च्या आरंभीच तेथे निधी सुरू झाला. मुंबईतही वर्गणी झाली. हा ऋणानुबंध आपल्या इतिहासाच्या पुस्तकांत सहसा नसतो, म्हणून मुद्दाम सांगितला.

सभागृहात ज्यांचे केस पांढरे झाले आहेत त्यांना १९७२ चा दुष्काळ आठवत असेल. खडी फोडण्याची कामे, सुकडी, आणि अमेरिकेहून आलेला तो लाल मिलो. मिलोच्या भाकरीने पुष्कळांचा जीव वाचला, तरीही त्याचे नाव काढले की आमच्या थोरल्या वहिनी आजही तोंड फिरवतात. म्हणून आयरिश म्हातारी मक्याच्या पिठाविषयी जेव्हा नाक मुरडते, तेव्हा आम्हांला ती परकी वाटली नाही.

त्या बाईंची एक आठवण सांगून आवरते घेतो. वसंत सुरू झाला तसे कुंपणाकडेने नेटल नावाची रानपालवी कोवळी फुटली. अंगाला लागली तर आग होते, शिजवली की ती आग जाते. तिचे सूप वसंतात तीनदा प्यावे, रक्त शुद्ध होते, असा जुना समज. आपल्याकडे पहिल्या पावसाचा टाकळा खातात तसाच. आम्ही बाईंना म्हटले, “हे करा ना एकदा.” बाई बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, “माझ्या आजीने हे कधी घरात येऊ दिले नाही. तिच्या आजीच्या वेळी लोक हेच खाऊन मेले होते.”

तेथून काही मैलांवर स्किबरीन गावाजवळची दफनभूमी आहे. त्या दुष्काळातील हजारो माणसे तेथे एकाच जागी, नावाशिवाय पुरलेली आहेत. बाईंच्या बोलण्यानंतर आम्ही एकदा तेथे जाऊन आलो. वर नुसते हिरवे गवत आहे.

दुष्काळाने माणसे नेली आणि उरलेल्यांना आपल्याच अन्नाची लाज दिली. रानभाजी, समुद्रकाठचे शेवाळ, ताकातला पाव, हे सगळे दारिद्र्याची खूण ठरले. पाहुण्यापुढे दुकानचा पांढरा पाव येऊ लागला, सोडा ब्रेड स्वयंपाकघरात लपला. आपल्याकडे याहून निराळे काय झाले? ज्वारीची भाकरी पाहुण्यापुढे ठेवावयाची नाही, नाचणी तर नाहीच, हे आम्ही आमच्याच घरात पाहिले आहे. तीच भाकरी आता मोठ्या हॉटेलात टोपलीतून येते आणि बिलात तिचे नाव इंग्रजीत असते.

त्या लोकांनी मात्र वेळीच दोन गोष्टी केल्या. १९३७ पासून पुढे त्यांच्या लोकसाहित्य मंडळाने शाळाशाळांतून वह्या वाटल्या आणि सुमारे पन्नास हजार मुलांना सांगितले, घरी जा, म्हाताऱ्यांना विचारा, आणि लिहून आणा. त्यात गाणी, गोष्टी, औषधे होती, आणि जुन्या काळचे जेवण व घरचा पाव हेही विषय होते. शाळकरी मुलांनी लिहिलेली ती पाने आज त्यांचा राष्ट्रीय ठेवा आहे. दुसरी गोष्ट एका बाईंनी केली. १९६४ साली मर्टल अ‍ॅलन यांनी कॉर्कमधील आपल्या शेतघरातच जेवणघर उघडले आणि आपल्या शेतातले, शेजारच्या कोळ्याने आणलेले, असे त्या दिवशी जे मिळेल तेच रांधून सन्मानाने वाढले. लोक लांबून येऊ लागले. लाज हळूहळू ओसरली.

आमची आपणांस विनंती एवढीच. या सुटीत घरी नातवंडे येतील. त्यांना एक वही द्या. आजीला विचारावयास सांगा, दुष्काळात काय खाल्ले, सणाला काय केले, कोणती भाजी रानातून आणली, आणि कोणती घरात का येऊ दिली नाही. शेवटचा प्रश्न विसरू नका. त्याचे उत्तर कोणत्याही पाकपुस्तकात मिळत नाही.

बाईंनी आमच्यासाठी ते सूप शेवटी केले. निघण्याच्या आदल्या दिवशी हातमोजे घालून त्यांनी स्वतः पाला खुडला, बटाटा-कांद्याबरोबर शिजवला, घोटला, वर साय घातली. आम्ही दोघांनी खाल्ले. “बरे आहे की,” त्या म्हणाल्या, आणि आणखी एक पळी आपल्या वाडग्यात घेतली.

 चालकांनी बाहेर ताकाची व्यवस्था केली आहे असे समजते. आंबट निघाले तर तक्रार करू नये. घरी नेऊन पाव करावा.